फोन कुणी धरायचा?

नंदुरबारच्या वाळवणाच्या पथाऱ्यांवर बायका लाल मिरचीचे देठ खुडायला बसतात, तेव्हा त्यांचा अंगठा आणि तर्जनी पाहावी. मिरची उचलली, देठ तोडला, पुढची उचलली. आपल्याला ते काम वाटतही नाही. पण लकवा मारला की बहुतेकदा पाय आधी सावरतो, हात मागे राहतो, आणि हातातही सगळ्यात शेवटी परतते ती ही चिमूट. कधी परततच नाही.

गोळ्यांनी रक्तदाब आवरतो. चिमूट मात्र शिकवावी लागते. ते शिकवणारं शास्त्र म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, व्यवसायोपचार. जन्माने अमेरिकन आणि सासरने मराठी असलेल्या कमला निंबकरांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्याची शाळा काढली. घास घेणं, नाडी बांधणं, भाकरी थापणं अशी माणसाची स्वतःची कामं त्याला पुन्हा करता यावीत, एवढंच या शास्त्राचं मागणं. पण शिकवणारी माणसं बहुतेक मोठ्या शहरांत, आणि सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून रुग्णाला बांबूच्या झोळीत घालून खाली आणल्याच्या बातम्या अजून छापून येतात. शिवाय इथे हा प्रश्न म्हाताऱ्यांपुरता नाही. भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेल आहे. त्यात विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी मेंदूकडे जाणारी वाट अडवतात तेव्हा शाळकरी पोरालाही लकवा होऊ शकतो.

मग फोनवरून शिकवावं, असं आता म्हणतात. दुधाची तहान ताकावर, असं वाटेल. मला तसं वाटत नाही. रुग्णालयात टेबलाशी बसवून लाकडी खुंट्या भोकांत घालायला लावतात. घरी टेबलच नसतं. जेवण जमिनीवर, चूल जमिनीवर, खाट गुडघ्याइतकी, उंबरठा वीतभर. हे सगळं फोनच्या कॅमेऱ्यातून दिसतं, रुग्णालयात कधीच दिसत नाही. मुंबईची थेरपिस्ट खाटेखाली विटा ठेवायला सांगू शकते, वाटी जड घ्या म्हणू शकते. आणि तिने देठ खुडायचा व्यायाम सुचवलाच, तर घरातलंच कुणीतरी तिला अडवेल: बधिर बोटांना मिरचीची आग कळत नाही, तोच हात डोळ्याला लागला की कळते. त्यापेक्षा भुईमुगाच्या शेंगा निवडायला देऊ. असं शिकवणं दोन्हीकडून होतं.

अडचण निराळीच आहे. रुग्णाचा एक हात लुळा, दुसरा कामात. फोन धरायचा कुणी? बहुधा सुनेने. आणि कालपर्यंत मायेने सासऱ्याला घास भरवत होती तीही हीच. आता तिला सांगायचं की भरवू नकोस. चांगला हात थोडा वेळ बांधून ठेव, दुसऱ्या हाताने खाऊ दे, सांडू दे. न वापरलेला हात मेंदू हळूहळू हिशेबातून वजा करतो, हे थेरपिस्टला ठाऊक असतं. शेजारपाजारच्यांना एवढंच दिसतं की म्हातारा ताटाशी झगडतोय आणि सून बसून बघतेय. त्यांना तोंड देण्याची हिंमत कुठल्या ॲपमध्ये येत नाही.

नेटवर्कचं दुखणं त्यामानाने सोपं. सातपुड्यात ते टेकडीवर सापडतं, आणि ज्याला चालता येत नाही तो टेकडी चढणार नाही. पण समोरासमोर बोललंच पाहिजे असं कुठे आहे? घरात व्हिडिओ काढावा, वर जाणाऱ्याने पाठवावा, उत्तर दुसऱ्या दिवशी आवाजी निरोपातून यावं. तो निरोप पावरीत किंवा भिलीत सांगायला गावातली आरोग्य कार्यकर्ती, म्हणजे आशाताई, हवी. ‘हात जड वाटतो की झिणझिण्या येतात’ यातला फरक परक्या भाषेत कुणालाही नीट सांगता येत नाही.

आशाताईंच्या मोबदल्याचा एक भाग मिळतो तो कामागणिक. म्हातारा स्वतःच्या हाताने चार घास खाईपर्यंत शेजारी गप्प बसून राहिलं, हे वहीत कोणतं काम म्हणून लिहायचं? सुनेची तेवढ्या वेळची मजुरी बुडते, ती वेगळीच.