काटकसरीचे घर आणि बरकत

पावसाळ्यापूर्वीची बेगमी ही कोकणातील मुस्लिम घरांची जुनी रीत आहे. मे महिन्याच्या कडक उन्हात अंगणात तांदळाचे पापड वाळत असतात, कोकमाची आमसुले होत असतात, वर्षभराचा मसाला कुटला जातो आणि सुकी मासळी डब्यांत भरून ठेवली जाते. देशावर आणि मराठवाड्यात त्याच सुमारास शेवया, कुरडया आणि सांडगे घातले जातात, जुन्या साड्या व ओढण्या एकावर एक अंथरून गोधड्या शिवल्या जातात. बाजारात सर्व काही तयार मिळू लागल्यावर ही रीत अनेक घरांतून मागे पडली. आता महागाईने हात आखडल्यामुळे काही घरे पुन्हा तिच्याकडे वळत आहेत. दही, लोणचे, मसाले, ईदच्या शेवया, कापडी पिशव्या, केस धुण्यासाठी रिठा-शिकेकाई अशा कितीतरी वस्तू घरीच तयार होत आहेत.

अशा वेळी दोन विचार ऐकू येतात. काहींना या गोष्टीची लाज वाटते. ‘दुकानातून आणण्याची ऐपत नाही, म्हणून घरी करतात’, असे कोणी म्हणेल ही भीती त्यांना असते. याउलट काही जण पैसा वाचवणे हाच सद्गुण मानतात आणि तो कोणाच्या कष्टातून वाचतो व पुढे कोठे जातो, याचा विचारही करत नाहीत. हे दोन्ही विचार इस्लामच्या शिकवणीच्या कसोटीवर पारखून पाहिले पाहिजेत.

हाताच्या कामाची प्रतिष्ठा

पहिली गोष्ट लाजेची. ह. दाऊद (अलै.) हे अल्लाहचे प्रेषितही होते आणि राजेही होते. अल्लाहने त्यांच्यासाठी लोखंड मऊ केले आणि कड्यांचे योग्य माप राखून चिलखते बनवण्याचा आदेश दिला, असे सूरह सबामध्ये सांगितले आहे. सहीह बुखारीतील एका हदीसचा आशय असा, की स्वतःच्या हाताने कमावलेल्या अन्नापेक्षा उत्तम अन्न कोणी कधी खाल्लेले नाही आणि ह. दाऊद (अलै.) आपल्या हातच्या कामावरच उदरनिर्वाह करीत असत. राज्याचा खजिना हाताशी असलेल्या प्रेषिताला जी गोष्ट कमीपणाची वाटली नाही, ती आपल्याला का वाटावी?

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या घरातही हेच चित्र दिसते. श्रद्धावंतांची माता ह. जैनब बिन्ते जहश (रजि.) हस्तकौशल्यात निपुण होत्या. त्या कातडे कमावीत, शिवीत आणि त्यातून आलेले उत्पन्न अल्लाहच्या मार्गात खर्च करीत. ‘जिचा हात सर्वांत लांब, ती पत्नी मला सर्वप्रथम येऊन मिळेल’, अशा आशयाचे उद्गार प्रेषितांनी (स.) काढले होते. त्यांच्या पत्नी आपापले हात मापून पाहू लागल्या. पुढे प्रेषितांच्या नंतर सर्वप्रथम ह. जैनब (रजि.) यांचे निधन झाले, तेव्हा त्या शब्दांचा अर्थ उलगडला. लांब हात म्हणजे कष्ट करून दान देणारा हात.

अबू दाऊद यांच्या हदीस-संग्रहात एका गरजू अन्सारी सोबत्याची हकिगत आहे. तो मागण्यासाठी आला, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याच्या घरात काय आहे ते विचारले. एक जाड कापड आणि एक पेला, एवढेच होते. त्या वस्तू दोन दिरहमना विकून एका दिरहमचे अन्न घरी पाठवण्यात आले, दुसऱ्याची कुऱ्हाड आणवली गेली आणि तिला प्रेषितांनी स्वतःच्या हाताने दांडा बसवला. पंधरा दिवस लाकूडतोड करून तो दहा दिरहम कमावून परतला. या हकिगतीत लक्षात घेण्याजोगे हे, की मदतीचा आरंभ घरात काय आहे या प्रश्नापासून झाला. आपल्याकडे नाही त्याची यादी आपण नेहमी करतो. आपल्याकडे काय आहे आणि आपल्या हाताला काय येते, याची मोजदाद मात्र क्वचितच होते.

काटकसर आणि कंजूषपणा

दुसरी गोष्ट मर्यादेची. सूरह अल-फुरकानमध्ये रहमानच्या दासांचा एक गुण सांगितला आहे. ते खर्च करतात तेव्हा उधळपट्टीही करीत नाहीत आणि हातही आखडत नाहीत, त्यांचा मार्ग या दोहोंच्या मधला असतो. सूरह बनी इस्राईलमध्ये उधळ्यांना सैतानाचे भाऊ म्हटले आहे आणि त्याच ठिकाणी हात मानेला बांधून ठेवण्यासही मनाई केली आहे. म्हणजे उधळपट्टीवरचा उपाय कंजूषपणा हा नव्हे.

प्रेषितांचे (स.) जीवन या मध्यममार्गाचे उदाहरण आहे. वुजूसाठी ते एक मुद्द पाणी वापरीत, म्हणजे दोन्ही हातांच्या ओंजळीत मावेल इतके माप. जेवताना घास खाली पडला तर त्याला लागलेली घाण काढून तो खावा आणि ताट पुसून घ्यावे, कारण अन्नाच्या कोणत्या भागात बरकत आहे हे आपल्याला ठाऊक नाही, अशी त्यांची शिकवण होती. एकदा त्यांनी घरी कालवण विचारले, तेव्हा सिरक्याखेरीज काहीच नव्हते. त्यांनी तोच मागवला, भाकरीबरोबर खाल्ला आणि सिरका हे किती चांगले कालवण आहे, अशी त्याची प्रशंसा केली. घरात जे आहे त्याची प्रशंसा करणे हीदेखील सुन्नत आहे, हे आपल्या घरांतील पुरुषांनी आणि मुलांनी विसरू नये.

परंतु हीच शिकवण देणाऱ्या प्रेषितांनी ह. अबू जर (रजि.) यांना सांगितले, की रस्सा शिजवाल तेव्हा त्यात पाणी थोडे वाढवा आणि शेजाऱ्यांची आठवण ठेवा. येथे काटकसर आणि औदार्य एकाच भांड्यात शिजताना दिसतात. वाढवलेले पाणी ही काटकसर आणि शेजाऱ्याच्या घरी गेलेली वाटी हे तिचे फळ. ज्या घरात लोणच्याची बरणी भरली, पण शेजारच्या विधवेच्या घरी त्यातली एक वाटीही गेली नाही, त्या घरात बचत झाली असेल, बरकत आली असे म्हणता येणार नाही.

साठवण आणि तवक्कुल

काही भाविकांना वाटते, की वर्षभराची साठवण करणे हे अल्लाहवरील विश्वासाला धरून नाही. हा गैरसमज आहे. सूरह यूसुफमध्ये येणाऱ्या दुष्काळाला तोंड देण्याची योजना सांगितली आहे. सात वर्षे सलग शेती करावी, खाण्यापुरते थोडे धान्य काढून घ्यावे आणि उरलेले कणसातच राहू द्यावे. अल्लाहचे प्रेषित ह. यूसुफ (अलै.) यांनी ही योजना सांगितली आणि धान्य टिकवण्याची रीतही तिच्यात सांगून ठेवली. प्रेषित मुहम्मद (स.) हेही बनू नजीरच्या बागांच्या उत्पन्नातून आपल्या कुटुंबासाठी वर्षभराची तरतूद करीत, असे ह. उमर (रजि.) यांनी सांगितले आहे. ज्याला निषिद्ध ठरवले आहे, ती साठेबाजी वेगळी. लोकांना गरज असताना भाव वाढावा म्हणून माल दडवून ठेवणाऱ्याला हदीसमध्ये अपराधी म्हटले आहे. घरच्या बेगमीशी तिची गल्लत करू नये.

तसेच घरी वस्तू तयार करताना हलाल-हरामचे भान ठेवावे. प्रेषितांच्या (स.) घरी खजूर किंवा मनुका पाण्यात भिजवून त्याचे गोड पेय केले जाई. सकाळी भिजवलेले संध्याकाळी आणि संध्याकाळी भिजवलेले सकाळी प्यायले जाई. ते आंबून त्याला नशा येऊ दिली जात नसे. घरी फळांचे रस व सरबते साठवणाऱ्यांसाठी यात स्पष्ट मार्गदर्शन आहे.

कष्टाचा भार कोणावर?

आता या विषयातील सर्वांत नाजूक प्रश्नाकडे वळू या. ‘आमच्या घरी बाहेरचे काही आणत नाहीत’, असे पुरुष अभिमानाने सांगतो, तेव्हा पहाटे सहरीसाठी उठून दुपारी उन्हात पापड लाटणारी स्त्री त्याच्या बोलण्यात कोठेच नसते. पैसा वाचला तो तिच्या पाठीच्या आणि मनगटाच्या मोलाने वाचला. ते मोल हिशेबात धरले नाही, तर काटकसरीचे रूपांतर अन्यायात होते.

प्रेषितकन्या ह. फातिमा (रजि.) यांच्या हातांना जाते ओढून त्रास होत असे. काही युद्धकैदी आल्याचे कळल्यावर त्या सेवक मागण्यासाठी वडिलांकडे गेल्या. प्रेषित (स.) रात्री स्वतः त्यांच्या घरी आले, मुलगी आणि जावई यांच्यामध्ये बसले आणि सेवकापेक्षा उत्तम गोष्ट म्हणून झोपण्यापूर्वी ३३ वेळा सुब्हानल्लाह, ३३ वेळा अलहम्दुलिल्लाह आणि ३४ वेळा अल्लाहु अकबर म्हणण्यास शिकवले. ही हकिगत स्त्रियांना सहनशीलतेचा उपदेश करण्यासाठी वारंवार सांगितली जाते. पण तिच्यातील आणखी एक गोष्ट पाहा. पित्याने मुलीचे दुखणे क्षुल्लक मानले नाही. रात्री उठून ते तिच्या दारी गेले. शिवाय एका रिवायतीनुसार, पाणी ओढून ओढून आपली छाती दुखू लागली आहे, असे ह. अली (रजि.) त्याच वेळी सांगत होते. त्या घरात जाते तिच्या हाती होते, तर पाण्याचा भार त्यांच्या खांद्यावर होता.

प्रेषित (स.) घरी काय करीत, असे विचारले असता ह. आयशा (रजि.) यांनी उत्तर दिले, की ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की नमाजसाठी बाहेर पडत. इतर रिवायतींत ते आपले कपडे शिवीत आणि चपला सांधीत, असेही आले आहे. घरकाम पत्नीवर कायद्याने बंधनकारक आहे की नाही, याविषयी फुकहांमध्ये मतभेद आहेत. शाफई पंथाच्या विद्वानांनी ते तिचे कायदेशीर कर्तव्य मानलेले नाही. म्हणून ती जे करते तो तिचा उपकार समजून त्याची कदर करावी. मसाला कुटायचा असेल तर मुलांनी मिरच्या निवडाव्यात, पुरुषाने डबे उचलावेत, वाळवणाची राखण करावी. आणि एखाद्या आजारी किंवा थकलेल्या स्त्रीसाठी विकतचे पीठ आणणेच अधिक योग्य असेल, तर ते आणणे हीच त्या घराची नेकी आहे.

वाचलेला पैसा कोठे जातो?

शेवटी मूळ प्रश्न उरतो. समजा, एखादे कुटुंब घरी वस्तू करून दरमहा ६०० रुपये वाचवते. वर्षाचे ७,२०० झाले, दहा वर्षांचे ७२,०००. आई दहा वर्षे पै-पै जोडते आणि मुलाच्या लग्नात तेवढी रक्कम मंडप, रोषणाई आणि जेवणावळीत एका रात्रीत खर्च होते. कमी पडले तर व्याजी कर्ज काढले जाते. व्याज न सोडणाऱ्यांना अल्लाह आणि त्याच्या प्रेषितांकडून युद्धाचा इशारा सूरह अल-बकरामध्ये दिला आहे, हे माहीत असूनही! स्वयंपाकघरात इस्राफ टाळायचा आणि शादीखान्यात तो मिरवायचा, ही काटकसर नव्हे. ती त्या माऊलीच्या कष्टांची थट्टा आहे.

म्हणून पैसा वाचवायला सुरुवात करण्यापूर्वीच कुटुंबाने एकत्र बसून त्याची नीयत ठरवावी. कर्ज असेल तर सर्वप्रथम ते फेडावे, विशेषतः व्याजाचे. त्यानंतर मुला-मुलींच्या शिक्षणाचा खर्च. मुलीची फी भरताना हात आखडणे हाही कंजूषपणाच आहे. नंतर गरजू नातेवाईक, ज्यांना दिल्याने दान आणि नातेसंबंध जोडणे असे दुहेरी पुण्य मिळते. बचत साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीइतकी होऊन तिच्यावर एक चांद्रवर्ष लोटले, तर अडीच टक्के जकात द्यावी. घरच्या वापरासाठी साठवलेल्या धान्य-मसाल्यावर जकात नाही, परंतु तोच माल विक्रीसाठी केला तर तो व्यापारी माल ठरतो आणि त्याचा हिशेब करावा लागतो.

अनेक भगिनी आता घरच्या वस्तू विकून संसाराला हातभार लावतात. त्यांची ही कमाई त्यांच्या मालकीची आहे. पतीने तिच्यावर हक्क सांगू नये. त्यांनीही मालात खोट ठेवू नये. प्रेषितांनी (स.) बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, आत ओल लागली, तेव्हा फसवणूक करणारा आपला नव्हे, असे त्यांनी बजावले. जुन्या मसाल्यावर नव्याचा थर देणाऱ्याने हे स्मरणात ठेवावे.

बंधू-भगिनींनो, बरकत म्हणजे रकमेची वाढ नव्हे. थोडक्यात भागणे, भागल्यावर समाधान असणे आणि त्या समाधानातून दुसऱ्यासाठी काही उरणे, हे बरकतीचे लक्षण आहे. ज्या घरात सर्वांचे हात कामाला लागतात, कोणा एकाची पाठ मोडत नाही आणि वाचलेला पैसा अल्लाहला आवडेल अशा ठिकाणी पोहोचतो, त्या घरातील साधी भाकरीही इबादतीचा भाग होते.

अल्लाह आपल्या घरांना हलाल रोजी देवो, उधळपट्टी आणि कंजूषपणा या दोन्हींपासून आपले रक्षण करो, कर्जाच्या ओझ्यातून आपल्याला मुक्त करो आणि आपल्यासाठी कष्टणाऱ्या हातांची कदर करण्याची सद्बुद्धी आपल्याला देवो. आमीन.