परक्याचे ते आपले, आपले ते परक्याचे

वाई येथे सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली आणि विसावा २०१५ साली वाचकांच्या हाती पडला. या दीर्घ कालावधीत त्या कोशात नोंद लिहिण्याचा मान ज्यांना लाभला ते आपापल्या विषयातील जाणकार असत, त्यांचा मजकूर समीक्षकांच्या आणि संपादकांच्या हाताखालून जाई, आणि प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या हयातीत तर त्या सर्व व्यवहारावर एका प्रखर विद्वत्तेची नजर असे. १ मे २००३ रोजी आरंभ झालेल्या मराठी विकिपीडियाच्या दारावर असा कोणी दरवान नाही. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात काल प्रवेश घेतलेला विद्यार्थी आज रात्री वसतिगृहात बसल्या बसल्या, हातातल्या मोबाइलवरून, वेरूळच्या कैलास लेण्यावरील लेखात दुरुस्ती करू शकतो आणि ती दुरुस्ती तत्काळ साऱ्या जगाला दिसू लागते. पदवी, वय, जात, शिफारस यांपैकी कशाचीही जेथे विचारपूस होत नाही, तेथे नवागताकडून जे थोडे अपेक्षिलेले आहे त्यात दोन गोष्टी प्रमुख आहेत: दुसऱ्याचा मजकूर उचलून आणू नये, आणि ज्याच्या भल्याबुऱ्यात आपला हितसंबंध गुंतला आहे त्याविषयी गुपचूप लिहू नये. यांतील पहिली अट कायद्याची आणि दुसरी केवळ शिष्टाचाराची, अशी वाटणी करण्याचा प्रघात आहे. मला ती वाटणी पटत नाही. नक्कल करणारा परक्याचे ते आपले म्हणून मांडतो, आणि हितसंबंध लपवणारा आपले ते तिऱ्हाइताचे म्हणून मांडतो. हे शब्द कोणाचे, या एकाच बाबतीत दोघेही वाचकाला फसवीत असतात.

पहिल्या अपराधाचे महाराष्ट्रातील सर्वांत बोलके उदाहरण पुण्याचे आहे. २०११ साली विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने ‘इंडिया एज्युकेशन प्रोग्रॅम’ या नावाचा एक प्रयोग तेथे मांडला. अभियांत्रिकी महाविद्यालय, सिंबायोसिसची अर्थशास्त्र-शाखा, एस.एन.डी.टी. अशा नामांकित संस्थांतील विद्यार्थ्यांनी आपल्या अभ्यासक्रमातील विषयांवर इंग्रजी विकिपीडियात लेख लिहावेत, त्याबद्दल त्यांना वर्गात गुण मिळावेत, आणि जगाला ज्ञान व विद्यार्थ्यांना लेखनाचा सराव असा दुहेरी लाभ व्हावा, अशी ती रम्य कल्पना होती. प्रत्यक्षात झाले ते असे की पाठ्यपुस्तकांतील आणि संकेतस्थळांवरील परिच्छेदच्या परिच्छेद जसेच्या तसे लेखांत येऊन पडू लागले. स्वयंसेवक संपादकांनी ते काढले की पुन्हा येऊन बसत. सूचना दिल्या जात आणि त्या वाचल्या न वाचल्या अशाच राहत. ज्यांना या कामाचा एक पैसाही मिळत नव्हता अशी दूरदेशीची माणसे ही परकी घाण उपसण्यात रात्री घालवू लागली, तेव्हा त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तो प्रयोग आवरता घ्यावा लागला.

या मुलांना चोर म्हणावयास माझी जीभ रेटत नाही. ज्या शिक्षणव्यवस्थेत ‘गाईड’मधील उत्तर शब्दशः उतरवणाऱ्यास पैकीच्या पैकी गुण मिळतात आणि स्वतःच्या वाक्यात लिहिणाऱ्यास ‘विषयांतर’ असा शेरा मिळतो, तिने पंधरा वर्षे घोटून घेतलेली सवय एका कार्यशाळेच्या दुपारी कशी मोडणार? गुणांचे आमिष दाखवून परोपकार करवून घेण्याची कल्पनाच मुळात सदोष होती, आणि तिचे खापर केवळ विद्यार्थ्यांच्या माथी फोडणे सोयीचे असले तरी न्याय्य नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने पुढे २०१८ साली वाङ्मयचौर्याविषयी नियम केले. त्यांत दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडास पात्र ठरत नाही. याचा अर्थ आपल्याकडे कित्येकांनी असा लावला की दहा टक्के उचलण्याची सनदच मिळाली. ज्ञानकोशाच्या दारी असली सूट नाही.

कायदा येथे वाटतो तितका आडमुठा नाही. १९७८ साली आर. जी. आनंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की कल्पना, विषय, कथावस्तू वा ऐतिहासिक तथ्ये यांवर कोणाचा स्वामित्वहक्क नसतो. हक्क असतो तो त्यांच्या विशिष्ट मांडणीवर. बीबी का मकबरा ही वास्तू औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू बेगम हिच्या स्मरणार्थ उभारली गेली, हे तथ्य कोणाच्याही मालकीचे नाही. ते कोणीही, आधार सांगून, आपल्या शब्दांत लिहावे. मात्र पर्यटन-पुस्तिकेतील वर्णनाचा परिच्छेद ज्याने लिहिला त्याचा तो आहे, आणि त्यातील चार विशेषणे बदलल्याने तो आपला होत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकातील शिवछत्रपतींच्या पुतळ्याचे छायाचित्र काढून प्रसिद्ध करावयाचे तर शिल्पकाराची परवानगी लागत नाही, कारण सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या शिल्पांना १९५७ च्या स्वामित्वहक्क अधिनियमाच्या ५२ व्या कलमाने तशी मोकळीक दिली आहे. पण त्याच पुतळ्याचे दुसऱ्याने काढलेले, व्हॉट्सॲपवर फिरत आलेले छायाचित्र त्या दुसऱ्याचे असते, आणि ते आपल्या मोबाइलमध्ये आले म्हणजे आपल्या दफ्तरी दाखल झाले असे नव्हे.

कालमर्यादेचे गणित अधिक नाजूक आहे, आणि आपल्या छत्रपती संभाजीनगर शहराशी त्याचा निकटचा संबंध आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे मिलिंद महाविद्यालय १९५० पासून येथे उभे आहे. त्याच्या नागसेनवन परिसरातील एखाद्या उत्साही विद्यार्थ्याला बाबासाहेबांचे समग्र वाङ्मय विकिस्रोत या मुक्त ग्रंथसंग्रहावर चढवावेसे वाटले तर त्यात नवल नाही. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे, हा नियम त्याला ठाऊक असतो. महापरिनिर्वाण १९५६ चे, तेव्हा १ जानेवारी २०१७ पासून सर्व काही मुक्त, असे तो धरून चालतो. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांपुरते ते खरे आहे. परंतु लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथम प्रकाशित झालेल्या कृतीची साठ वर्षे त्या प्रकाशनापासून मोजावीत, असे त्याच अधिनियमाचे २४ वे कलम सांगते; म्हणून १९५७ साली निघालेला ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ २०१८ च्या आरंभी मुक्त झाला, आणि महाराष्ट्र शासनाने १९८७ साली प्रथम प्रसिद्ध केलेले ‘रिडल्स इन हिंदुइझम’ २०४७ च्या अखेरपर्यंत बंधनात राहील. मराठी अनुवादांवर अनुवादकांचा हक्क निराळाच. याउलट ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर १९३७ साली निवर्तले. त्या काळच्या पन्नास वर्षांच्या मुदतीनुसार त्यांच्या स्वतःच्या लेखनावरील हक्क १९८७ अखेर संपला तो कायमचा. पन्नासाची साठ वर्षे कशी झाली, हेही येथे सांगून टाकावे: रवींद्रनाथ ठाकुरांच्या ग्रंथांवरील विश्वभारती विद्यापीठाचा हक्क १९९१ अखेर संपुष्टात येणार होता, तेव्हा ही वाढ घडली; आणि त्या विश्वभारतीचे आचार्यपद देशाच्या पंतप्रधानांकडे असते. हितसंबंधाच्या पुढील विवेचनास हे उदाहरण अगदीच गैरलागू ठरणार नाही.

नवागतांचा आणखी एक गैरसमज आहे. ‘लेखकाने मला फोनवर होकार दिला’ ही सबब येथे चालत नाही, कारण विकिपीडियातील मजकूर ज्या मुक्त परवान्याखाली जातो त्यान्वये तो कोणीही, व्यापारासाठीसुद्धा, श्रेयनिर्देश करून आणि त्याच अटी पुढे चालू ठेवून वापरू शकतो. इतके मोठे दान ज्याने करावयाचे त्याने ते समजून उमजून लेखी केले पाहिजे. गोवा विद्यापीठाने २०१३ साली आपला चार खंडांचा कोंकणी विश्वकोश अशा परवान्याखाली खुला केला. सार्वजनिक पैशाने निर्माण झालेल्या ज्ञानाचे काय करावे याचा तो वस्तुपाठ आहे, आणि महाराष्ट्रातील संस्थांनी त्याचा हेवा करण्यापेक्षा अनुकरण करावे.

आता दुसऱ्या अपराधाकडे वळू, जो मला पहिल्याहून अधिक मराठी वाटतो. आपल्या समाजात एकसष्टी, पंचाहत्तरी, सहस्रचंद्रदर्शन अशा निमित्तांनी गौरवग्रंथ निघतात. त्यांत शिष्य गुरूविषयी, जावई सासऱ्याविषयी, उपकृत कार्यकर्ता नेत्याविषयी लिहितो, आणि वाचणाऱ्याला ते नाते ठाऊक असल्यामुळे ‘ऋषितुल्य’, ‘अजातशत्रू’, ‘चतुरस्र’ या विशेषणांतून किती वजा करावयाचे हे तो मनाशी जाणतो. तोच मजकूर ज्ञानकोशात शिरला की नाते अदृश्य होते, विशेषणे राहतात, आणि वजाबाकी करण्याचे साधनच वाचकाच्या हातून काढून घेतले जाते. महाविद्यालयाचा लेख त्याच महाविद्यालयाच्या प्रसिद्धी-विभागाने, कवीचा लेख कवीच्या पुतण्याने, इच्छुक उमेदवाराचा लेख त्याच्या स्वीय साहाय्यकाने लिहावा आणि खाली एखादे कल्पित सदस्यनाम असावे, यात सांगितलेले प्रत्येक वाक्य खरे असले तरी बोलणारा खोटा ठरतो. जून २०१४ पासून विकिमीडियाच्या वापर-अटींनी मोबदला घेऊन लिहिणाऱ्यास आपला मालक, ग्राहक व संबंध जाहीर करणे बंधनकारक केले आहे; तो खुलासा सदस्यपानावर, चर्चापानावर किंवा बदलांच्या आढाव्यात करता येतो. तरीही २०१५ साली इंग्रजी विकिपीडियावर, पैसे घेऊन लेख रचणाऱ्या एका टोळीची ३८१ खाती एकदम बंद करावी लागली, आणि त्याच वर्षी एका भारतीय व्यवस्थापन-शिक्षणसंस्थेविषयीच्या लेखांत दीर्घकाळ पक्षपात केल्याबद्दल एका प्रचालकालाच, म्हणजे देखरेखीचे विशेष अधिकार असलेल्या संपादकालाच, हद्दपार करण्यात आले. राखणदारानेच कुंपण खाल्ले तर नवागतास कोणत्या तोंडाने उपदेश करावा, असा प्रश्न काहींनी केला. माझ्या मते ज्या ठिकाणी राखणदारही पकडला जातो आणि त्याच्या प्रत्येक बदलाचा इतिहास सर्वांसमक्ष खुला राहतो, त्या ठिकाणाला उपदेश करण्याचा थोडा अधिकार आहे.

हितसंबंध असणाऱ्याने लिहूच नये काय? येथे आपल्या महसूल खात्याची जुनी रीत मार्गदर्शक आहे. वारसाने जमिनीच्या फेरफारासाठी अर्ज करावा, कागद जोडावेत, हवे तेवढे सांगावे. पण नोंद घेतो तलाठी, हरकतींसाठी पंधरा दिवसांची नोटीस लागते, आणि प्रमाणित करतो मंडळ अधिकारी. अर्जदाराने स्वतःच्या हाताने फेरफार रजिस्टरात लिहिले तर त्याचा हक्क खरा असूनही नोंद संशयास्पद ठरेल. विकिपीडियातील चर्चापान ही अर्ज देण्याची जागा आहे. तेथे आपले नाते सांगावे, पुरावा ठेवावा, आणि लेखातील वाक्य दुसऱ्याला लिहू द्यावे.

या दोन्ही कसोट्यांना उतरलेला संपादक आपल्याच जिल्ह्यात, पैठणला, होऊन गेला. १२९० साली नेवासे येथे सांगितल्या गेलेल्या ज्ञानेश्वरीत पुढील तीन शतकांत नाना पाठभेद आणि भर शिरली होती. एकनाथांनी शके १५०६ म्हणजे १५८४ साली तिची प्रत शुद्ध केली. ते स्वतः श्रेष्ठ कवी होते, भानुदासांच्या कुळातले होते, ज्ञानदेवांचे निस्सीम भक्त होते. ग्रंथाशी त्यांच्याइतका जवळचा संबंध क्वचितच कोणाचा असेल. तरी त्यांनी आपली ओवी ज्ञानदेवांच्या ओव्यांत मिसळली नाही, इतरांनाही तसे न करण्याची ताकीद दिली, आणि अखेरीस आपण काय केले व कोणत्या संवत्सरात केले हे स्वतःच्या नावानिशी नोंदवून ठेवले. याच्या अगदी उलट टोकाला तुकोबांचे अभंग आपल्या नावावर खपवणारा सालोमालो उभा आहे, ज्याची गाथेत झालेली संभावना प्रसिद्धच आहे.

हे सर्व मान्य करूनही, नियमांच्या अंमलबजावणीत जो एक कोरडेपणा आढळतो त्याविषयी माझी तक्रार आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामात ज्यांनी तुरुंगवास भोगला, सरहद्दीवरच्या शिबिरांत जे राबले, त्यांतील स्वामी रामानंद तीर्थ किंवा गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्या अग्रणींविषयी छापील साधने आहेत. पण खेड्यापाड्यांतील साध्या कार्यकर्त्यांची आठवण त्यांच्या घरच्या ट्रंकांत आणि नातवंडांच्या तोंडी आहे. नातू पहिलाच लेख लिहितो, तो ‘हितसंबंध’ आणि ‘उल्लेखनीयता नाही’ अशा दोन शेऱ्यांनिशी काढला जातो, आणि तो मुलगा पुन्हा त्या दाराशी फिरकत नाही. शेरा बरोबर असतो. पुढची वाट सांगणारे कोणी नसते, एवढेच. ती वाट अशी आहे: आजोबांची पत्रे, जबान्या, सुटकेचे दाखले आधी मराठवाडा साहित्य परिषदेच्या ‘प्रतिष्ठान’सारख्या नियतकालिकाकडे किंवा एखाद्या वृत्तपत्राकडे पाठवावेत, तेथे संपादकाच्या नजरेखालून ते छापून यावेत, आणि मग त्या अंकाचा संदर्भ देऊन, ‘मी त्यांचा नातू’ हे उघडपणे लिहून, चर्चापानावर विनंती करावी. तोवर त्याने हात शिवशिवत असतील तर ज्याच्याशी आपला काडीचा संबंध नाही अशा विषयावर, हिमरू वस्त्रावर म्हणा, पाणचक्कीच्या जलवाहिनीवर म्हणा, चार पुस्तके वाचून आपल्या वाक्यांत लेख लिहावा. आणि जुन्या संपादकांनी त्याच्या धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, जाऊन तो सुधारून द्यावा, एवढी दोघांनाही विनंती आहे.