लहानपण म्हणजे काय, हे कोणी सांगावे?

लहानपण म्हणजे काय, याचे उत्तर आजवर बहुधा मोठ्यांनीच दिले आहे. कोणी त्याला निरागसता म्हटले, कोणी भावी आयुष्याचा पाया. ज्याचे ते लहानपण, त्याला मात्र क्वचितच विचारले गेले. आपण कोण हे दुसऱ्याने ठरवावे आणि आपण निमूट मान्य करावे, ही रीत किती अन्यायाची असते हे आपल्या समाजाला वेगळे सांगावयास नको. मग तीच रीत आपल्या घरात मुलांच्या बाबतीत का चालावी?

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात असंख्य आई-बाप कारखान्यांच्या पाळ्यांमध्ये राबतात. अशा घरांतील मुलांना मी शिकवतो. “लहान म्हणजे कोण?” असे तिसरीच्या वर्गात विचारले, तेव्हा एक मुलगी म्हणाली, “माझा भाऊ लहान आहे. मी नाही. मी त्याला सांभाळते.” एक मुलगा म्हणाला, “बाबा रात्रपाळी करून झोपले की ज्याला गप्प बसावे लागते, तो.” आणखी एकाने सांगितले, “मोठेपणी कोण होणार, हे सगळे विचारतात. आता काय पाहिजे, ते नाही विचारत.”

एकानेही वय सांगितले नाही. आपल्यावर काम किती, आपल्याला बोलता येते की नाही आणि आपल्या आजच्या दिवसाला काही किंमत आहे की नाही, या मापांनी मुले लहानपण मोजतात.

असे माप आपल्याकडे पूर्वीही एका मुलीने लावले होते. जोतिराव व सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातील विद्यार्थिनीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. मांग-महारांची दुःखे सांगताना तिने मुलांची एक गोष्ट नोंदवली आहे. ब्राह्मणादिकांच्या मुलांनी दगड मारून रक्त काढले, तरी आपले लोक सरकारकडे दाद मागत नाहीत. कारण पुन्हा त्यांच्याच दारी उष्टे आणावयास जावे लागते. दगड लागला तरी ओरडता येऊ नये, असे ते लहानपण होते. ते जिने जवळून पाहिले होते, तिला लेखणी मिळाली, म्हणूनच ते आपल्याला कळले.

आज उष्ट्याचा प्रश्न उरलेला नाही. परंतु दुसरा एक धोका आहे. आपल्यापैकी पुष्कळांचे लहानपण गुरांमागे वा मजुरीत गेले. म्हणून आपण मुलाला म्हणतो, “आम्हाला मिळाले नाही, तू तरी शीक.” यात माया आहे आणि शिक्षणाचा आग्रह योग्यच आहे. पण मुलाचे लहानपण ही आपल्या गमावलेल्या लहानपणाची भरपाई नव्हे. ते त्याचे स्वतःचे आहे.

“मुलाला काय कळते?” असे कोणी म्हणेल. सात वर्षांच्या सोपाकाला तथागतांनी दहा प्रश्न विचारले आणि त्याच्या उत्तरांवरून त्याला उपसंपदा दिली, असे परंपरा सांगते. संयुक्त राष्ट्रांनी २० नोव्हेंबर १९८९ रोजी स्वीकारलेल्या बालहक्क संहितेच्या १२ व्या कलमानेही, मुलाच्या मताला त्याच्या वयाप्रमाणे व समजेप्रमाणे वजन द्यावे, असे मान्य केले. भारताने ही संहिता १९९२ साली स्वीकारली.

मुलाचे ऐकणे म्हणजे त्याचा प्रत्येक हट्ट पुरवणे नव्हे. “शाळेत जाणार नाही” असे मूल म्हणाले, तर त्याला शाळेत पाठवलेच पाहिजे. पण का जावेसे वाटत नाही, हे आधी विचारले पाहिजे. कदाचित तेथे कोणी त्याची जात विचारत असेल. कदाचित धाकट्या भावाला कोणाजवळ ठेवावे, हा त्या मुलीपुढचा प्रश्न असेल. मग त्या भावासाठी अंगणवाडी वा शेजार शोधणे हे मोठ्यांचे काम आहे. आणि हे ओझे मुलीच्याच वाट्याला का आले, मुलाच्या का नाही, हेही घराने स्वतःला विचारावे.

समतेची मागणी आपण जगाकडे करतो. ती आपल्या घरातील सर्वांत लहान माणसापर्यंत पोहोचली पाहिजे. मूल उद्या माणूस होणार नाही, ते आजच माणूस आहे. मोठेपणी कोण होणार, हे त्याला जरूर विचारावे. पण आज तुला काय वाटते, हे त्याच्या आधी विचारावे आणि उत्तर येईपर्यंत थांबावे.