मोर्चा पांगल्यानंतर

ज्या पिढीने रस्त्यावर लाठ्या खाल्ल्या ती आजच्या तरुणांना सांगते, मोबाइलवर बोट फिरवून व्यवस्था बदलत नसते. तरुण उलट विचारतात, तुमचे मोर्चे एवढे प्रचंड होते तर प्रश्न शिल्लक का राहिले? या वादात दोन्ही बाजू नकळत एकच माप वापरतात. मैदानात किती माणसे जमली हे एक जण मोजतो, पोस्ट किती जणांपर्यंत पोचली हे दुसरा. मला हे मापच अपुरे वाटते. गर्दीचा धाक गर्दी असेपर्यंतच टिकतो, हे कोणत्याही सरकारला पक्के ठाऊक असते. चळवळीची ताकद कळते ती मोर्चा पांगल्यानंतर. मागण्यांचे कागद कोणाच्या हाती आहेत, आश्वासनाची तारीख कोणी टिपून ठेवली आहे, आणि सगळ्यांच्या वतीने ‘थांबू या’ किंवा ‘पुढे जाऊ या’ म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे, यावर ती ठरते. दोन पिढ्यांमधला फरक शोधायचा तर तो इथे शोधावा लागेल.

महाडचा सत्याग्रह म्हटला की २० मार्च १९२७ हा दिवस आठवतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे चवदार तळ्यावर गेली आणि पाणी प्याली. पण त्या दिवसाच्या अलीकडे-पलीकडे काय होते ते पाहिले पाहिजे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सदस्य बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३मध्येच मंजूर केला होता, आणि महाड नगरपालिकेने पुढच्या वर्षी तसा निर्णयही घेतला होता. म्हणजे महाडला जमलेले लोक कागदावर मिळालेला हक्क बजावायला आले होते. मार्चच्या सत्याग्रहानंतर सनातन्यांनी तळ्याची ‘शुद्धी’ केली, नगरपालिकेने आपला निर्णय मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह करायचे ठरले, तेव्हा प्रतिपक्षाने दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम आणला. त्या परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले हे सर्वांना माहीत असते. त्याच परिषदेत, सत्याग्रहासाठी सज्ज होऊन आलेल्या हजारो लोकांनी भरपूर चर्चेनंतर तो तहकूब केला, हे मात्र क्वचित सांगितले जाते. माझ्या लेखी तो त्या चळवळीच्या सर्वात मोठ्या सामर्थ्याचा क्षण आहे. चिडलेल्या, अपमानित समुदायाने थांबायचे ठरवले, गावातून शिस्तीत मिरवणूक काढली आणि लढा न्यायालयात नेला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला तो मार्च १९३७मध्ये. दहा वर्षे तो दावा कोणीतरी धरून ठेवला होता.

हे धरून ठेवणे फुकट होत नव्हते. त्यामागे वर्गणी होती, पावतीपुस्तके होती, बैठकांची इतिवृत्ते होती आणि सतरंज्या घालण्यापासून खटल्याच्या तारखा सांभाळण्यापर्यंत सगळे करणारे कार्यकर्ते होते. चळवळीला स्वतःचे तोंडही होते. एप्रिल १९२७मध्ये ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात नोव्हेंबर १९५६मध्ये आचार्य अत्र्यांचा ‘मराठा’ निघाला. फ्लोरा फाउंटनवर माणसे पडली, एकूण हुतात्म्यांचा आकडा शंभरावर गेला. तरीही त्या संतापाला १९५७च्या निवडणुकीत मतांचे रूप मिळाले, कारण परस्परांशी न पटणाऱ्या पक्षांना एका समितीत बसवून जागावाटप करणारी माणसे होती. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने जुलै १९७८मध्ये केला आणि नामविस्तार जानेवारी १९९४मध्ये झाला. मधल्या जवळपास सोळा वर्षांत घरे जळाली, माणसे मारली गेली, सरकारे बदलली, पण मागणी बदलली नाही.

यावर कोणी म्हणेल की जुन्या संघटनांचे हे फार गोड चित्र झाले. आक्षेप रास्त आहे. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संघटना होती, नेता होता, त्याच्या शब्दाला वजन होते; पण तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. तो विरत गेला आणि त्याबरोबर गिरणगावही. थांबवण्याचा अधिकार असूनही तो योग्य वेळी वापरला नाही तर संघटनेचे बळ माणसांना कुठे नेऊन सोडते, याचे इतके दुःखद उदाहरण दुसरे नसेल. शिवाय या संघटनांमध्ये माइक कोणाच्या हाती असे? मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या नेत्यांनी १९७०च्या दशकात महागाईविरुद्ध हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आणल्या, तरी बहुतेक व्यासपीठे पुरुषांचीच राहिली आणि अनेक ठिकाणी ठरावीक जातींचीच. समाजमाध्यमांनी हा दरवाजा खरोखर उघडला. ज्यांचे पत्र संपादकांनी छापले नसते त्यांचे म्हणणे आज लाखोंपर्यंत जाते. ऑक्टोबर २०१८मध्ये स्त्रियांनी लैंगिक छळाविषयी उघडपणे लिहायला सुरुवात केली आणि एका केंद्रीय राज्यमंत्र्यांना पद सोडावे लागले, कोणत्याही मोर्चाशिवाय. मात्र याच मंत्र्यांनी भरलेला बदनामीचा खटला फेब्रुवारी २०२१पर्यंत चालला, आणि तो आरोपी पत्रकार स्त्रीला आपल्या वकिलांसह लढून जिंकावा लागला. बोलण्याची हिंमत हजारोंनी एकमेकींना दिली. तारखांना उभे राहण्याचे ओझे मात्र एकटीवर आले.

मोबाइलच्या पडद्याची खरी देणगी वेग ही आहे. ४ ऑक्टोबर २०१९ला मुंबई उच्च न्यायालयाने आरेतल्या मेट्रो कारशेडसाठीच्या वृक्षतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री झाडांवर करवत चालू लागली. फोनवरच्या संदेशांनी काही तासांत माणसे तिथे आणली. जमावबंदी लागली, अटका झाल्या. विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना लिहिलेल्या पत्राची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने ७ तारखेला तोड थांबवली. तोवर २,१४१ झाडे पडली होती. एका रात्रीत होणाऱ्या नुकसानाविरुद्ध एवढ्या वेगाशिवाय उपाय नसतो. पण त्या वेगामागे आधीची कित्येक वर्षे होती, याचिका होत्या, आरेच्या पाड्यांवरचे आदिवासी होते. आणि सरकारपाशी वेळ असतो. कारशेड २०२०मध्ये कांजूरमार्गला गेली, २०२२मध्ये परत आरेत आली आणि मेट्रो धावू लागली.

नेत्याविना उभ्या राहणाऱ्या चळवळीचा प्रश्न महाराष्ट्राने याहून मोठ्या प्रमाणावर पाहिला आहे. ९ ऑगस्ट २०१६ला औरंगाबादेत पहिला मराठा मूक मोर्चा निघाला आणि पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत लाखोंचे मोर्चे झाले. आरक्षणाच्या मागणीविषयी कोणाचे मत काहीही असो, आयोजनाचा तो अजोड नमुना होता. व्हॉट्सअ‍ॅपवरून नियोजन, पुढे मुली, भाषणे नाहीत, पुढारी मागे. कोणीही चळवळ विकू नये म्हणून नेताच नको, हा त्यामागचा विचार समजण्यासारखा होता. परंतु २०१८चा मराठा आरक्षणाचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२१ला रद्द केल्यावर पुढे काय, हे सर्वांच्या वतीने सांगणारे कोणी नव्हते. २०२३मध्ये अंतरवाली सराटीत मनोज जरांगे उपोषणाला बसले, आणि मंत्र्यांना जाऊन बोलण्यासाठी एक ठिकाण, एक माणूस मिळाला. नेतृत्वाची रिकामी जागा फार काळ रिकामी राहत नाही. पण ती बैठकांतून, हिशेबातून, मतदानातून भरली नाही तर एका व्यक्तीच्या देहावर सगळा भार पडतो, मग तो नेता कोणीही असो.

तरुण आळशी आहेत, असा निष्कर्ष यातून काढणे अन्यायाचे होईल. कंत्राटावर काम करणाऱ्याला संपाचा दिवस परवडत नाही. मुंबईतला मोर्चा आझाद मैदानात कोंडला जातो. आणि पोस्ट लिहिणे निर्धोक आहे असे तर मुळीच नाही. नोव्हेंबर २०१२मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरील मजकुरासाठी अटक झाली. ज्या ६६-अ कलमाखाली अशा कारवाया होत, ते रद्द व्हायला मार्च २०१५ उजाडला. शिवाय हे व्यासपीठ परक्या मालकीचे आहे. दिल्लीच्या सीमांवर शेतकरी बसले असताना फेब्रुवारी २०२१मध्ये ‘किसान एकता मोर्चा’चे ट्विटर खाते भारतात काही काळ दिसेनासे झाले. त्या आंदोलनाने डिसेंबर २०२०पासून ‘ट्रॉली टाइम्स’ हे स्वतःचे छापील पत्रही काढले होते, हे मला फार शहाणपणाचे वाटते. जो आपला आवाज आहे तो बंद करण्याची कळ दुसऱ्याच्या हाती पूर्णपणे देऊ नये.

दोन्ही पिढ्यांचे बळ एकत्र आले तर काय होते ते मार्च २०१८मध्ये दिसले. नाशिकहून निघालेले शेतकरी, त्यातले बरेचसे आदिवासी, सुमारे १८० किलोमीटर चालून मुंबईत आले. त्यांच्या सोललेल्या पायांची छायाचित्रे फोनवरून घराघरांत पोचली आणि मोर्चाला वाहतुकीचा अडथळा मानणारे शहर पाणी, खाणे, चपला घेऊन उभे राहिले. दहावीच्या मुलांची परीक्षा अडू नये म्हणून शेवटची वाट त्यांनी रात्रीच चालून काढली. हजारो थकल्या माणसांनी हा निर्णय पाळला, कारण तो घेणारी किसान सभा ही त्यांची संघटना होती. सरकारने लेखी आश्वासन दिले. ते पुरे झाले नाही म्हणून फेब्रुवारी २०१९मध्ये आणि मार्च २०२३मध्ये मोर्चे पुन्हा निघाले. २००६च्या वनहक्क कायद्याखालील प्रलंबित दावे यादीत तसेच होते. २०२३मध्ये चर्चा यशस्वी झाल्याची बातमी आली तरी लोक लगेच घरी गेले नाहीत. मोर्चा वासिंदला थांबून राहिला, आणि निर्णयांचे आदेश खाली निघू लागल्यावरच तो मागे घेतला गेला. २०१८मध्ये शब्दावर विश्वास ठेवून परतलेल्या माणसांनीच हे २०२३मध्ये ठरवले होते.