बघायचे पैसे

मामाची गाडी माझ्याकडे आली तेव्हा ती वीस वर्षांची होती आणि तिला एक विचित्र आजार होता. सकाळी थंड असताना एका सेल्फमध्ये सुरू. पण अंबरनाथहून उल्हासनगरला जाऊन दहा मिनिटं बंद ठेवली आणि पुन्हा किल्ली फिरवली, की नुसतं घर्रर्र. सुरू झालीच तर काळा धूर आणि पेट्रोलचा वास. प्लग काढले तर काजळीने माखलेले. ॲव्हरेज लिटरला १३ वरून ८ वर.

मॉडेल सांगत नाही, कारण दोष तिचा नव्हता. काळ सांगतो. गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची फायबर बॉडीची टू-सीटर बनायची आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून १०० हॉर्सपॉवरची फियाट पॅलिओ १.६ निघायची, तेव्हाची ही. मामाने तरुणपणी हौसेने घेतलेली. आता डोळ्यांमुळे त्याला चालवता येत नाही, म्हणून माझ्याकडे.

उल्हासनगरला कॅम्प चारमधल्या एका गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला. कोड काहीच नाही. "कोड नाही म्हणजे कॉम्प्युटर ओके. पंप वीक असणार." इंजेक्टर क्लीनिंग आणि नवा पंप, ९,००० रुपये. चार दिवसांनी आजार जसाच्या तसा. पंप कमजोर असता तर इंजिनाला पेट्रोल कमी पडलं असतं, काळा धूर निघाला नसता. माझ्याकडे इंजिनिअरिंगची पदवी आहे, तरी तेव्हा हे डोक्यात आलं नाही.

मग कुणीतरी अंबरनाथमधल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियन काकांकडे पाठवलं. त्यांनी बॉनेट उघडलं, वास घेतला आणि म्हणाले, "काय झालंय ते मला माहीत नाही. दोन तास बघावं लागेल. त्याचे आठशे. सापडलं नाही तरी आठशे."

मी हसून निघून आलो. बघायचे पैसे?

पुढच्या आठवड्यात बदलापूरच्या एका गॅरेजमध्ये ऑक्सिजन सेन्सर बदलून घेतला. साडेसहा हजार. काहीही फरक नाही.

शेवटी काकांकडे परत गेलो. गेल्या वेळचा विषय त्यांनी काढला नाही.

त्यांनी काय केलं ते सविस्तर सांगतो, कारण सगळा प्रश्न तिथेच आहे. पेट्रोल इंजेक्शनचं मूळ तत्त्व १९६७ साली बॉशने डी-जेट्रॉनिक आणलं तेव्हापासून फारसं बदललेलं नाही. किती हवा आत जातेय, इंजिन किती गरम आहे, हे सेन्सर कॉम्प्युटरला सांगतात आणि कॉम्प्युटर इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा ते ठरवतो. इंजिन थंड असेल तर जास्त पेट्रोल. काकांनी गाडी पूर्ण गरम केली आणि कूलंट टेम्परेचर सेन्सरचा प्लग काढून थेट सेन्सरवर मीटर धरला. साधारण ३०० ओहम. बरोबर. हा सेन्सर थंड असताना जास्त रेझिस्टन्स दाखवतो, गरम झाला की कमी. मग प्लग पुन्हा लावून, कॉम्प्युटरकडचं सॉकेट काढून, त्याच दोन वायरींवर मीटर धरला. १,९०० ओहम.

सेन्सर खरं बोलत होता, कॉम्प्युटरपर्यंत खोटं पोचत होतं. नव्वद डिग्रीचं इंजिन त्याला पंचविसेक डिग्रीचं वाटत होतं. काकांनी वायरिंगवरची टेप सोलली. आत एका जोडाला हिरवा गंज चढला होता.

मला २०१९ची २७ जुलै आठवली. उल्हास नदीला पूर आला होता, महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मधे पाण्यात अडकली होती आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढलं होतं. त्याच पाण्यात मामाची गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये रात्रभर उभी होती. ती नंतर सुकली, चालूही झाली. गंज मात्र पाच वर्षं सावकाश वाढत राहिला. कोड न येण्याचं कारणही तेच. वायर तुटली असती तर आकडा अशक्य आला असता आणि कॉम्प्युटरने तक्रार केली असती. पंचवीस डिग्री हा आकडा पटण्यासारखा आहे. पटण्यासारख्या खोट्याचा कोड नसतो.

जोड कापला, नवीन वायर सोल्डर केली. नवा पार्ट एकही नाही. आठशे रुपये.

मामाला फोन केला. "काय बदललं?" "काही नाही, एक जोड साफ केला." "मग आठशे कशाचे घेतले?"

मला मामावर हसता येईना. पंपाचे नऊ हजार मी कुरकुर न करता दिले होते, कारण हातात खोका आला होता. डॉक्टरने तपासून 'औषधाची गरज नाही' म्हटलं की फी जड वाटते आणि सुई टोचली की वसूल झाल्यासारखं वाटतं, त्यातलाच प्रकार. आपण वस्तूचे पैसे देतो, शोधण्याचे देत नाही. मग गॅरेजवाल्याने काय करायचं? दोन तास फुकट बघायचं, नाहीतर अंदाज बांधून पार्ट विकायचा. तो चोर नव्हता. मी ज्या एकाच गोष्टीचे पैसे द्यायला तयार होतो, ती त्याने मला विकली.

तरी त्याला पूर्ण सोडवत नाही. "पंप असावा, पण खात्री नाही, लागला तर लागला" एवढं म्हणणं फुकट होतं. अंदाज विकण्यात पाप नाही, तो निदान म्हणून विकणं मला खटकतं. पण माझ्यासमोर खरंच 'माहीत नाही' म्हणणारा माणूस उभा राहिला, तेव्हा मी त्याच्याकडून उठून आलो होतो. हिशेब इथे अडतो.

आणि माझं काम काय? मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. मला महिन्याला पगार मिळतो तो बराचसा बघण्याचाच. एखादा बग दोन दिवस सापडला नाही तरी कुणी पैसे कापत नाही. गेल्या वर्षी रात्री एक पेमेंट सर्व्हिस अडकली. मी रीस्टार्ट केली, ती चालू झाली, आणि सकाळी रिपोर्टमध्ये 'मूळ कारण' या रकान्यात लिहिलं, 'तात्पुरती नेटवर्क अडचण'. मला कारण माहीत नव्हतं. वाक्य मात्र पटण्यासारखं होतं. तीन आठवड्यांनी तीच सर्व्हिस एका ज्युनिअरच्या ड्युटीत पडली. माझा रिपोर्ट खरा मानून तो पहाटेपर्यंत नेटवर्क तपासत बसला. मी त्याला अजून काही सांगितलेलं नाही.

पंप बदलून उपयोग झाला नाही तेव्हा मी सोसायटीच्या ग्रुपवर कॅम्प चारच्या गॅरेजचं नाव टाकून 'चोर आहे, जाऊ नका' असं लिहिलं होतं. परवा त्याखाली दुरुस्ती टाकली: त्याने अंदाज केला आणि तो चुकला, फसवायचा हेतू नव्हता, दोष वेगळाच निघाला, आधीचा मेसेज मागे घेतो.

पहिलं उत्तर दोन मिनिटांत आलं. "मग जुना पंप परत लावून नऊ हजार मागितलेस की नाही?"