टिकणे आणि थांबणे

शेवटपर्यंत टिकून राहणे हा सद्गुण होय, असे आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु कशासाठी टिकावयाचे हे न विचारता केवळ टिकण्याचीच पूजा करावी काय? ह्या प्रश्नाची कसोटी पाहण्यास मोटारींच्या दीर्घ शर्यतींसारखे उदाहरण क्वचितच सापडेल.

फ्रान्समधील ल माँ येथे 1923 सालापासून, मधली काही वर्षे वगळता, दरसाल चोवीस तासांची शर्यत भरत आली आहे. अहोरात्र धावून जी गाडी सर्वांत अधिक अंतर तोडील ती तीत विजयी ठरते. म्हणजे नुसत्या वेगाहून टिकावाची ही परीक्षा. 11 जून 1955 रोजी तेथे पिएर लवेग ह्याच्या मर्सिडीज गाडीस अपघात होऊन तिचे तुकडे प्रेक्षकांत घुसले व ऐंशीहून अधिक माणसे प्राणास मुकली. तरीही शर्यत चालूच राहिली. ती थांबविली असती तर परतणाऱ्या गर्दीने जखमींना नेणाऱ्या गाड्यांची वाट अडविली असती, असे कारण व्यवस्थापकांनी दिले. त्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्याच रात्री मर्सिडीजच्या संघाने, आघाडीवर असतानाच, आपल्या उरलेल्या गाड्या काढून घेतल्या. विजेत्यांच्या यादीत ह्या कृत्यास स्थान नाही. माणुसकीच्या हिशेबात मात्र आहे.

सुरगाण्यासारख्या डोंगरी, आदिवासी तालुक्यास ह्या श्रीमंती खेळाचे काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर एका रस्त्यात आहे. 1968 साली लंडनहून सिडनीस 98 गाड्यांची शर्यत निघाली व त्यांतील 72 गाड्या आग्रा, इंदूर करीत मुंबईस पोहोचल्या. नाशिकवरून जाणारा मुंबई-आग्रा रस्ता तो हाच. त्याच वर्षी ल माँ जिंकलेला लुसियां बियांकी ऑस्ट्रेलियात अखेरच्या टप्प्यावर सर्वांच्या पुढे होता. तोच समोरून आलेल्या मोटारीशी त्याची टक्कर झाली. मागून येणाऱ्या पॅडी हॉपकर्कने व त्याच्या सोबत्यांनी विजयाची आशा सोडून गाडी थांबविली व जखमींना बाहेर काढले. हॉपकर्क दुसरा आला. बियांकी वाचला, पण मार्च 1969 मध्ये ल माँ येथेच गाडीची चाचणी घेताना तो मरण पावला. मग हॉपकर्कचे थांबणे व्यर्थ गेले काय? आम्हांस तसे वाटत नाही. सत्कृत्याचे मोल त्याच्या फळाच्या आयुष्यावरून ठरत नसते.

ह्याच रस्त्याने मार्च 2018 मध्ये हजारो शेतकरी नाशिकहून मुंबईस सुमारे 180 किलोमीटर पायी गेले. त्यांत सुरगाण्याची माणसे मोठ्या संख्येने होती. कसत असलेली वनजमीन आपल्या नावे व्हावी, ही त्यांची एक मुख्य मागणी. 11 मार्चला ती मुंबईत पोहोचली. दुसऱ्या दिवशी दहावीच्या मुलांची परीक्षा होती; तिला खोळंबा होऊ नये म्हणून पायांस फोड आलेली ही माणसे विसावा न घेता रातोरात आझाद मैदानाकडे चालत गेली. हॉपकर्क दुसऱ्यासाठी थांबला, ही दुसऱ्यासाठी थांबली नाहीत. कृती उलट, पण धर्म एकच.

तेव्हा टिकाव ही केवळ शक्ती आहे. परक्याचे दुःख दिसण्याइतकी दृष्टी तिला लाभली म्हणजेच तिचा सद्गुण होतो. मात्र दोन टिकावांत एक भेद विसरता कामा नये. शर्यतीतला चालक आपल्या खुषीने कष्ट सोसतो व वाटेल तेव्हा उतरू शकतो. ज्याचे पोट त्या जमिनीवर आहे, त्याला उतरण्याची मोकळीक नसते. 12 मार्च 2018 रोजी सरकारने लेखी आश्वासन दिले. तरी 2019 व 2023 साली पुन्हा मोर्चे निघालेच. अशा वेळी गरिबांच्या सहनशीलतेचे गोडवे गाणे फार सोपे असते, कारण त्याने गाणाऱ्यास काहीच खर्च पडत नाही. शर्यत पाहणाऱ्याने टाळ्या वाजवाव्या, हे ठीकच आहे. परंतु जेथे माणसे हक्कासाठी चालत असतात, तेथे टाळ्या वाजवून मोकळे होणारा प्रेक्षक आपले कर्तव्य चुकवीत असतो.