शपथेशिवाय

आमच्या घरात दादानं दारू सोडल्याच्या तारखा सगळ्यांना पाठ होत्या. गणपतीपुढे नारळ ठेवून एकदा, आईच्या पायांवर डोकं ठेवून एकदा, धाकट्या लेकीच्या डोक्यावर हात ठेवून तर दोनदा. शपथ खोटी नसायची. घेताना तो ढसाढसा रडायचा. पण मोडली, की पिण्याचा गुन्हा वेगळा आणि लेकीच्या जिवावर उठल्याचा वेगळा. हे दुसरं ओझं विसरायला पुन्हा बाटलीच हाताशी. मराठी घराला दारू सोडवायचा हा एक उपाय पक्का ठाऊक असतो. (माळेचा उपाय जास्त शहाणा. माळकऱ्यामागे दिंडी असते. शपथ घेणारा एकटाच असतो.)

एका डॉक्टरांनी आमचं अज्ञान दूर केलं. रोज भरपूर पिणाऱ्यानं घरच्या घरी एकदम बंद करू नये, फिट येऊ शकते, भ्रम होऊन जिवावर बेतू शकतं. पहिले काही दिवस औषधाखालीच काढायचे. ‘आणि नंतर ए.ए.ला पाठवा,’ म्हणाले. म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस. मीटिंग महापालिकेच्या एका शाळेत, गुरुवारी संध्याकाळी सातला.

पहिल्या गुरुवारी आम्ही फाटकावरून परतलो. आत ओळखीची स्कूटर उभी होती. ‘त्यानं मला बघितलं तर?’ दादा म्हणाला. तो ओळखीचा तिथे काय भजनाला आला असेल, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. वर्षानुवर्षं गल्लीत झोकांड्या खाताना न वाटलेली लाज माणसाला बरं व्हायला जाताना वाटते.

पुढच्या गुरुवारी गेलो. मीटिंग खुली होती, म्हणजे घरच्यांनाही बसता येणार होतं. दुसरीचा वर्ग. बाक इतके ठेंगणे की गुडघे छातीशी यायचे. फळ्यावर कोपऱ्यात सातचा पाढा राहून गेला होता. एकेक जण उठून सांगायचा, ‘मी अमुक, मद्यपाशी,’ आणि पुढे स्वतःची कहाणी. आडनाव कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. आडनावावरून गाव आणि गावावरून जात काढण्यात आपण किती वाकबगार! ते कसब तिथे दारातच निकामी होत होतं. मधे कुणी बोलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. एका वयस्कर गृहस्थांनी मुलीच्या लग्नात मांडवामागे झोपल्याचं सांगितलं तेव्हा दोघंतिघं हसले. मला राग आला. दादाही हसत होता, हे नंतर लक्षात आलं. कित्येक महिन्यांनी.

मग कापडी पिशवी फिरली. बाहेरची देणगी घ्यायची नाही, खर्च सभासदांनीच भागवायचा, असा इथला रिवाज. दादानं पन्नासची नोट काढली. शेजारच्यानं त्याचा हात हलकेच मागे सारला. ‘आज नको. आज तुमची आम्हाला गरज आहे.’

मला तो शिष्टाचार वाटला. पण या संघटनेचा जन्मच त्या वाक्यातला आहे. 1935 च्या मे महिन्यात बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअरबाजारातला माणूस ओहायोतल्या ॲक्रन गावी होता. दारू सोडून जेमतेम पाच महिने, धंद्यातला व्यवहार फसलेला, आणि हॉटेलात पलीकडेच बार. तो फोनकडे वळला आणि पाद्र्यांना फोन लावत सुटला: मला एक दारुडा गाठून द्या. त्यातून डॉ. बॉब स्मिथ भेटले. पंधरा मिनिटं द्यायला तयार झालेले डॉक्टर काही तास बसले. बिल त्यांना सुधारायला आला नव्हता. स्वतः पिऊ नये म्हणून आला होता. डॉक्टरांनी शेवटचा पेला घेतला तो 10 जूनला. तो ए.ए.चा स्थापना दिवस.

आपण व्यसनी माणसावर उपकार करतो आणि त्याला ते कळू देतो. इथे नवखा आला नाही तर जुन्यांचंच अडतं. आणि शपथ? ती नाहीच. फक्त आजचा दिवस. उद्याचं उद्या. हे ऐकून आई हिरमुसली. तिला जन्मभराचं वचन हवं होतं.

ए.ए.च्या कार्यक्रमातल्या बारा पायऱ्यांमधल्या देवाचं काय, हा माझा प्रश्न. एकानं चहा ओतता ओतता सांगितलं, ‘माझी उच्च शक्ती म्हणजे हा वर्ग. माझ्यापेक्षा तो मोठा आहे ना?’ माझं पुरतं समाधान झालं नाही. पण 2020 साली वैद्यकीय पुरावे पारखणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनं 27 अभ्यास, दहा हजारांहून अधिक माणसं, असा आढावा घेतला. दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या कसोटीवर, ए.ए.कडे वळवणारे पद्धतशीर उपचार इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले. अभ्यास बहुतेक पाश्चात्त्य देशांतले, आणि ए.ए.त गेलेला प्रत्येक जण टिकतो असंही नाही. दादाही टिकला नाही. चौथ्या महिन्यात घसरला. पण त्या गुरुवारी पुन्हा गेला. घरात त्याचा पंचनामा झाला होता. तिथे म्हणाले, ‘बरं झालं आलात,’ आणि चहा दिला.

वहिनी मात्र घरीच राहिली होती. तिचं काय, हे आम्हाला फार उशिरा सुचलं. पुण्यात सुनंदा आणि अनिल अवचटांनी 1986 साली सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पत्नींचा ‘सहचरी’ गट आहे. तिकडून आल्यावर तिनं पहिलं काम केलं ते दादाच्या खिशांची झडती थांबवण्याचं.

परवा रात्री नऊला फोन आला. कुणीतरी नवखा, घर बंद करून बसलेला. दादानं शर्ट चढवला, स्कूटरची किल्ली घेतली. तो रात्री निघाला की पूर्वी वहिनी दारात आडवी व्हायची.

‘कोण आहे?’ तिनं विचारलं.

‘नाव कळलंय. आडनाव माहीत नाही.’

‘बरं. दोन घास खाऊन जा.’